जाड आटे आणि बारीक आटे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या व्यासपीठावरून आजवर विद्याप्रसार, शिष्यवृत्तिनिधी, वसतिगृह अशा विषयांवर थोरामोठ्यांची भाषणे झाली, तेथून नट-बोल्टांविषयी बोलावयास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो आहे. विषय निवडण्याची मोकळीक कार्यकारी मंडळाने आम्हांस दिली होती. आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही.

परंतु आपली ज्ञाती ही लोखंडावर जगलेली ज्ञाती आहे. भाता, ऐरण आणि घण यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची घरे चालविली. नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धाव, विळा, कुऱ्हाड यांसाठी सारा गाव आपल्या दारी येत असे. त्या कामातील जोड तापवून आणि ठोकून केलेला, किंवा फार तर रिव्हेट मारलेला. एकदा बसविलेला जोड पुन्हा सुटावा अशी अपेक्षाच नसे. आटे पाडलेला बोल्ट आपल्या घरांत शिरला तो गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि तेलइंजिने यांच्या मागोमाग. आज ज्ञातिसूची उघडून पाहावी तर फिटर, टर्नर, गॅरेजचे चालक, फॅब्रिकेशनचे व्यावसायिक, हार्डवेअरचे दुकानदार आणि अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मुलगे व मुली यांची नावे पानोपानी आढळतात. ज्या वस्तूवर इतक्या घरांची चूल पेटते, तिच्याविषयी अर्धा तास बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

या विषयाकडे वळण्याचे निमित्तही सांगतो. धंद्यात नव्याने पडलेल्या तरुणांच्या तोंडी एक समजूत आम्ही वारंवार ऐकतो, ती अशी, की बारीक आट्याचा बोल्ट तो भारी आणि जाड आट्याचा तो साधा. मोटारीत व विमानात बारीक आटे असतात, दरवाजात व मांडवात जाड आटे असतात, यावरूनच कोण श्रेष्ठ ते ठरले. उलट जुन्या मंडळींना विचारावे तर ती म्हणतात, ‘आटा कसा ठसठशीत पाहिजे, बारीक आटे हे घड्याळजीचे काम.’ दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच दोन्ही धोक्याची आहेत. ज्या शिडीवर कोणी चढणार, ज्या गाडीत कोणाची मुलेबाळे बसणार, तिचा बोल्ट निवडणारा मनुष्य अशा अर्ध्या सत्यावर विसंबून चालत नाही.

प्रथम आटा म्हणजे काय ते पाहू. येथे बसलेल्या भगिनींना व लहान मुलांना घरी करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीस लावून तो तिच्याभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढत जाते. जुन्या ग्रंथकारांनी ज्यास मळसूत्र म्हटले ते हेच. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. नट फिरविणारा मनुष्य वास्तविक एक ओझे त्या चढावरून वर ढकलीत असतो. घाट चढताना थेट वर जाणारी पायवाट लवकर नेते पण दम काढते, आणि वळणावळणाची गाडीवाट वेळ घेते पण बैलांना झेपते, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे. जाड आटा ही पायवाट आणि बारीक आटा ही गाडीवाट, एवढे ध्यानी ठेवले तर पुढचा पुष्कळ भाग सोपा होईल.

लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतरास कारखान्यात पिच म्हणतात. मेट्रिक पद्धतीत हे अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. इंची पद्धतीत एका इंचात किती आटे बसतात ते मोजतात. १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. त्याचा नेहमीचा, म्हणजे जाड, पिच १.७५ मिलिमीटर असतो. बारीक प्रकारात तो बहुधा १.२५ असतो. सुमारे १० मिलिमीटर उंचीचा नट यावर पूर्ण चढवावयाचा तर जाड आट्यावर पावणेसहा फेरे पुरतात, बारीक आट्यावर आठ लागतात. चढाचा कोन पाहिला तर जाड आट्याचा सुमारे ३ अंश आणि बारीक आट्याचा सुमारे २ अंश भरतो. इंची मापाचे उदाहरण हवे असेल तर आपला नेहमीचा चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट आहे. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत त्याला इंचास १२ आटे, ब्रिटिश बारीक पद्धतीत १६, अमेरिकन जाड पद्धतीत १३ आणि अमेरिकन बारीक पद्धतीत २०. एकाच जाडीच्या दांड्यावर हे चार संसार आहेत.

आता बारीक आट्याची बाजू. आटा पाडणे म्हणजे दांड्याच्या अंगात खोबण कोरणे. खोबण जितकी खोल तितका आतला गाभा लहान. जाड आट्याची खोबण खोल असते, म्हणून त्याचा गाभा बारीक आट्याच्या मानाने थोडा रोड असतो. १२ मिलिमीटरच्या बोल्टात ताण सोसणारे क्षेत्र जाड आट्यात ८४.३ चौरस मिलिमीटर धरतात आणि १.२५ पिचच्या बारीक आट्यात ९२.१. म्हणजे बारीक आटा शेकडा ९ अधिक ओढ सोसतो. अर्धा इंची अमेरिकन बोल्टात हा फरक शेकडा १२-१३ पर्यंत जातो. बारीक आटे भारी, या समजुतीचा उगम येथे आहे, आणि एवढ्यापुरती ती खरी आहे.

पण याच ठिकाणी आम्ही तरुण मित्रांना एक प्रश्न विचारू इच्छितो. आट्यांचे हे ९ टक्के आपण बोटांनी चाचपून पाहता; बोल्टाच्या डोक्यावरील आकडा वाचता काय? चांगल्या मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे उठविलेले असतात. पहिल्या आकड्याची शंभरपट केली म्हणजे तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला तो किती न्यूटन ओढ सोसेल ते कळते. ४.६ चा बोल्ट ४०० आणि ८.८ चा ८००. येथे ताकद एकदम दुप्पट झाली, आणि आट्यांना हातही लावावा लागला नाही. डोक्यावर काहीच आकडा नसलेला, कोठल्या पोलादाचा कोणास ठाऊक असा बारीक आट्याचा बोल्ट चढ्या भावाने विकत घेणे म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा भाव न विचारता पिशवीच्या नाडीची किंमत करीत बसण्यासारखे आहे.

बारीक आट्याचा दुसरा गुण म्हणजे जागा साधण्याची बारकाई. नट एक फेरा फिरविला की तो एका पिचएवढाच सरकतो. त्यामुळे जेथे केसभर पुढे, केसभर मागे करून बसवावयाचे असते, तेथे बारीक आट्यास तोड नाही. मायक्रोमीटर हे याचे नमुनेदार उदाहरण. त्याच्या स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर असतो आणि फिरत्या नळीवर ५० भाग आखलेले असतात; एक भाग फिरला की मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा मोजला जातो. पातळ नळीवर किंवा पातळ पत्र्यात आटे पाडावयाचे झाले तरी बारीकच पाडावे लागतात, कारण खोल खोबण कोरली तर भिंत शिल्लक राहणार नाही.

तिसरा गुण सांगितला जातो तो असा, की बारीक आटे हादऱ्यांनी सुटत नाहीत. येथे मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण धंद्यातील सर्वांत मोठा गैरसमज याच वाक्याच्या पोटात दडलेला आहे.

बोल्ट म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी नव्हे. कडब्याने भरलेल्या गाडीवर आवळलेल्या दोराशी त्याचे नाते अधिक जवळचे. नट आवळला म्हणजे बोल्ट किंचित लांबतो, ताणलेल्या रबरासारखा परत आखडू पाहतो, आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या दाबामुळे. आता पान्यावर आपण जो जोर लावतो त्याचे काय होते? ढोबळ हिशेब असा, की त्यातील निम्मा जोर नटाच्या वा डोक्याच्या बुडाशी घासण्यात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि बोल्ट ताणण्याच्या कामी येतात ते अवघे १० टक्के. (आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी हसून म्हणेल की संस्थेच्या वर्गणीचेही असेच होते, परंतु तो हिशेब खजिनदारांकडे.) बारीक आट्याचा चढ सौम्य असल्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट किंचित अधिक ताणला जातो. पण लाभ होतो तो त्या १० टक्क्यांच्या वाट्यात. घर्षणाचे ९० जेथल्या तेथेच राहतात. आट्यावर गंज आहे की तेलाचे बोट फिरविले आहे, याने ताणात पडणारा फरक कितीतरी मोठा असतो.

मग नट सुटतो कशाने? स्थिर ओझ्याखाली तो सुटत नाही. पोलादावरून पोलाद आपणहून घसरावयास सात-आठ अंशांचा उतार तरी लागतो, आणि आपले आटे तर दोन-तीन अंशांचे. जाड असोत की बारीक, दोघेही जागचे हलणार नाहीत. पूर्वी अशी समजूत होती की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांनी नट उलगडत जातो. गेर्हार्ड युंकर या संशोधकाने १९६९ साली प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दाखवून दिले की खरा शत्रू आडवा आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून आडवे सरकू लागले, की आट्यांमधील आणि नटाच्या बुडाशी असलेली पकड त्या क्षणापुरती नाहीशी होते, आणि मग दोन अंशांचा उतारही नटास मागे फिरावयास पुरतो. अशी हालचाल पुरेशी वेळा झाली तर चांगला आवळलेला नटही हाताने सुटेल इतका सैल होतो. त्या स्थितीत बारीक आटा थोडा अधिक वेळ तग धरतो, हे खरे. पण तो सुटतोच. उपाय आहे तो भाग आडवे सरकणार नाहीत इतका दाब बोल्टाने धरणे. दाब पुरेसा असेल तर जाड आटाही वर्षानुवर्षे हलत नाही. म्हणून, गाडीचे अमुक नट वरचेवर सुटतात, तर बारीक आट्यांचे घाला, असा सल्ला देणाऱ्या मेकॅनिकास आधी विचारावे की जुने नट योग्य जोराने आवळले होते काय, आणि बैठकीवर रंगाचा थर वा माती तर नव्हती?

जाड आट्याच्या गुणांकडे वळताना आम्हांस थोडा पक्षपात करण्याचा मोह होतो, कारण जगाचा बहुतेक भार तोच वाहतो. पुलांचे आणि शेडचे बोल्ट, विजेच्या मनोऱ्यांचे बोल्ट पाहा, सगळे जाड आट्यांचे. त्यांवर जस्ताचा जाड मुलामा चढवितात. बारीक खोबणी त्या मुलाम्याने बुजूनच जातील. उंचावर, वाऱ्यात, हातमोजे घालून काम करणाऱ्या मनुष्याला नट पटकन आणि सरळ धरता यावा लागतो. आट्याला कोठे ठेच लागलेली असते, कोठे वाळूचा कण अडकलेला असतो. जाड आटा हे सारे पोटात घालतो. बारीक आटा अडून बसतो. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. बारीक आट्याचा स्टेनलेस नट कोरडाच आणि घाईने चढविला तर मध्येच बोल्टाशी चिकटून एकजीव होतो, आणि मग न पुढे जातो न मागे येतो. शेवटी करवतच घ्यावी लागते.

मऊ धातूंत जाड आट्याची गरज कशी पडते, तेही पाहू. बीड, ॲल्युमिनियम यांत आटे पाडले म्हणजे तेथील धातूच कमजोर असतो. बोल्ट तुटण्याआधी भोकातले आटे उपटून येतात. कागदावर हिशेब केला तर सारख्या खोलीपर्यंत गेलेल्या जाड व बारीक आट्यांना उपटण्यास लागणारे बळ फार वेगळे येत नाही. पण कारखाना कागदावर चालत नाही. भोक पाडणाऱ्याच्या हातून ते ०.२ मिलिमीटर मोठे झाले, म्हणजे प्रत्येक बाजूस ०.१ मिलिमीटर पकड गेली, असे धरा. १२ मिलिमीटरच्या जाड आट्याची खोली सुमारे १.०७ मिलिमीटर; तिच्यातून हे शेकडा ९ गेले. बारीक आट्याची खोली अवघी ०.७७, तिच्यातून शेकडा १३ गेले. त्यातच जोड वरचेवर उघडावयाचा असेल तर दर खेपेस मऊ आटे थोडे थोडे झिजतात. हात चुकण्याची सोय ज्यात आहे तो आटा तेथे हवा.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींची इंजिने ज्यांनी उघडली असतील त्यांनी तेथील स्टड पाहिले असतील. स्टड म्हणजे दोन्ही टोकांस आटे असलेला दांडा. एक टोक इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगात कायमचे रुतलेले असते, दुसऱ्या टोकावर नट येतो. त्या एकाच दांड्यावर दोन प्रकारचे आटे पाडलेले आढळतात. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या टोकावर जाड व्हिटवर्थ, आणि पोलादी नट घेणाऱ्या टोकावर बारीक. एका टोकास मऊ धातूची पकड सांभाळावयाची आहे, दुसऱ्या टोकास ताण नेमका साधावयाचा आहे. दोहोंत श्रेष्ठ कोण, असे ज्यास विचारावयाचे असेल त्याने तो स्टड उलटा बसवून पाहावा. असा एक स्टड आम्ही मुद्दाम आणून समोरच्या मेजावर ठेवला आहे.

अर्थात नियमास अपवाद असतोच. स्पार्क प्लग ॲल्युमिनियमच्या डोक्यात बसतो, तरी त्याचे आटे बारीक असतात. मोटारींच्या नेहमीच्या १४ मिलिमीटरच्या प्लगचा पिच १.२५, आणि लहान मोटारसायकलींच्या १० मिलिमीटरच्या प्लगचा १ मिलिमीटर. प्लग पोकळ आहे, त्याची भिंत पातळ आहे, शिवाय आतला वायू बाहेर फुटता कामा नये. म्हणून येथे बारीक आट्यांवाचून गत्यंतर नाही. त्याची किंमत मात्र रोज कोठे ना कोठे मोजली जाते. थेट पाना लावून प्लग तिरपा चढविला की डोक्यातले आटे गेलेच. मग भोक मोठे करून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवीत बसावे लागते, आणि गिऱ्हाईकाचे बिल वाढते. पहिले तीन-चार फेरे बोटांनी द्यावेत, बोटांनी फिरत नसेल तर काढून पुन्हा धरावे, हा धडा ज्या शिकाऊ मुलाच्या अंगवळणी पडला त्याला मालक सहसा सोडीत नाही.

आपल्यापैकी जे सुतारकामात वा घरांच्या अंतर्गत सजावटीत आहेत त्यांना हाच भेद जिप्समच्या फळ्या लावताना रोज भेटतो. खाली लाकडी चौकट असेल तर जाड आट्यांचे स्क्रू, पातळ पोलादी पट्टी असेल तर बारीक आट्यांचे. जाड आट्याचा स्क्रू त्या पातळ पट्टीत नीट धरीत नाही, आणि बारीक आट्याचा स्क्रू लाकडातले तंतू चुरडून सैल होतो. दुकानात दोन्ही स्क्रू काळेच दिसतात.

हे सारखे दिसणे हाच आमच्या मते विषयाचा गाभा आहे. ही गर्दी कशी झाली ते थोडक्यात सांगतो. एके काळी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून नमुने गोळा करून, त्यांची सरासरी काढून, ५५ अंशांच्या कोनाचे एक सर्वमान्य माप सुचविले. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे वेगळे माप मांडले. व्हिटवर्थचे आटे मोटारीसारख्या नव्या यंत्रांना फार जाड वाटू लागले, तेव्हा १९०८ मध्ये ब्रिटनने बारीक आट्यांची स्वतंत्र मालिका काढली; तिच्या नटांची डोकी एक माप लहान ठेवली, म्हणून जुन्या पान्यांवर एकाच तोंडास दोन मापे कोरलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन आटे एकमेकांत बसेनात, याची मोठी झळ दोन्ही राष्ट्रांना लागली. अखेर १९४८ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांची एकत्रित पद्धत मान्य केली. पुढे आले मेट्रिक. आपल्या देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. पण यंत्रे कायदा वाचीत नाहीत. ब्रिटिश यंत्रांबरोबर व्हिटवर्थ आले होते, अमेरिकन जीपगाड्यांबरोबर त्यांचे आटे आले, नव्या गाड्यांबरोबर मेट्रिक आले, आणि जुन्या फिटरच्या पेटीत पान्यांचे तीन-तीन संच एकत्र नांदू लागले.

यातील जी जोडी मुळीच जुळत नाही तिची भीती नाही. भीती आहे ती जवळजवळ जुळणाऱ्या जोडीची. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टाला १२ आटे आणि अमेरिकन नटाला १३. नट एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग अडतो. अडला की अननुभवी मनुष्य लांब पाना आणतो. तीन सुती बोल्टात तर दोन्ही पद्धतींना १६ च आटे, फक्त कोनांत ५ अंशांचा फरक. तेथे नट पूर्ण चढतो आणि आट्यांच्या अंगाला अंग मात्र नीट टेकत नाही. मेट्रिकमध्येही हेच. १० मिलिमीटरचा जाड बोल्ट १.५ चा, आणि जपानी घडणीच्या गाड्यांत सर्रास आढळणारा १.२५ चा. डब्यात दोन्ही मिसळले की संध्याकाळच्या उजेडात ओळखणे कठीण.

अशा एका जोडीने काय घडू शकते ते १९९० साली जगाने पाहिले. त्या वर्षी १० जून रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा येथे निघालेले बीएसी वन-इलेव्हन जातीचे एक प्रवासी विमान १७,३०० फूट उंचीवर असताना वैमानिकासमोरची डावी काच उखडून बाहेर गेली. आतल्या हवेच्या झोताबरोबर मुख्य वैमानिक कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. सेवकवर्गाने त्याचे पाय धरून ठेवले, आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टन येथे सुखरूप उतरविले. विमानात सर्व मिळून ८७ माणसे होती. मुख्य वैमानिकासह सगळी वाचली.

चौकशीत आढळले ते असे. ती काच उड्डाणापूर्वी नुकतीच बदलली होती. ती ९० बोल्टांनी बाहेरून बसविलेली असे. रात्रपाळीत काम करणाऱ्या जबाबदार माणसाने निघालेला जुना बोल्ट हाती धरून त्याच्याशी नवे बोल्ट डोळ्यांनी जुळविले होते. त्या ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटरने, कमी जाडीचे निघाले. हवा होता तो १० क्रमांकाचा बारीक मालिकेतील बोल्ट, इंचास ३२ आट्यांचा. बसला तो ८ क्रमांकाचा जाड मालिकेतील बोल्ट, तोही इंचास ३२ आट्यांचाच! लहान बोल्टाचा ‘जाड’ आटा आणि जरा मोठ्या बोल्टाचा ‘बारीक’ आटा यांचा पिच नेमका एक होता. पिच जुळल्यामुळे बोल्ट नटात फिरला, शेवटपर्यंत गेला, आणि आट्यांची केवळ टोके टोकांना धरून राहिली. उरलेले ६ बोल्ट योग्य जाडीचे पण आखूड होते. जाड आणि बारीक हे शब्द त्या त्या जाडीच्या बोल्टापुरते खरे असतात, आट्याला स्वतःचे असे जाडपण नसते, हे यावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने होणार नाही. ज्या मनुष्याने ते बोल्ट निवडले तो अडाणी नव्हता, नवशिकाही नव्हता. त्याने आपल्या अनुभवी डोळ्यावर विश्वास ठेवला, आणि भांडाराने सांगितलेला क्रमांक बाजूस ठेवला.

आपल्या गॅरेजमध्ये विमाने येत नाहीत. पण स्कूटरच्या ब्रेकचा बोल्ट, शाळेच्या बसचे चाक, पाळण्याचा हूक, गृहसंस्थेच्या गच्चीवरील टाकीचा सांगाडा ही कामे आपल्याच हातून होतात. तेव्हा दुकानदार बंधूंना विनंती, की इंची आणि मेट्रिक, जाड आणि बारीक हे एका डब्यात ठेवू नयेत, आणि ‘चालून जाईल’ म्हणून गिऱ्हाईकाच्या हाती जवळचे माप देऊ नये; नाही म्हटल्याने एक विक्री जाईल, एवढेच. कारागीर बंधूंना विनंती, की पिचगेज खिशात बाळगावा. ती पात्यांची लहानशी जुडी असते, किंमत फार नसते. पाते आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरले आणि मधून प्रकाश दिसला नाही, तर माप जुळले. बोल्ट सांगून मागताना जाडी, पिच, लांबी आणि डोक्यावरचा आकडा या चारही गोष्टी सांगाव्यात. आणि मुलगा शिकाऊ म्हणून कामास ठेवाल तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याला झाडू देण्याबरोबर एक पिचगेजही द्यावा, हे आम्ही थोड्या आग्रहाने सांगतो.

समोरच्या मेजावर दोन टोकांचा तो स्टड, चार प्रकारचे अर्धा इंची बोल्ट, दोन्ही पिचचे १० व १२ मिलिमीटरचे बोल्ट आणि तीन पिचगेज ठेवले आहेत. भोजनाची पंगत बसण्यास अजून अवकाश आहे, असे चिटणीस सांगतात. मुलांनी व मोठ्यांनीही येऊन ते हाताळावेत, नट फिरवून पाहावेत, कोणता कोठे अडतो ते स्वतः अनुभवावे. प्रत्येक बोल्टाला चिठ्ठी बांधली आहे. पाहून झाल्यावर त्याचा नट त्याच्याच बोल्टावर चढवून ठेवावा.